बाजारात मिळतं ते परसात कशाला?

माझं एक मत आहे आणि आमच्या नात्यागोत्यात ते फारसं कुणाला पटत नाही. घरी भाजीपाला लावायचा असेल तर टोमॅटो लावू नये. ढोबळी मिरची तर मुळीच नको. कोबी-फ्लॉवरचं नावही काढू नये. जे आठवडी बाजारात ढिगाने मिळतं, त्यासाठी परसातली चार हात जागा आणि (चिखलीसारख्या गावात राहत असाल तर) मोजून-मापून मिळणारं पाणी का घालवायचं? परसात ते लावावं जे बाजारात येत नाही. किंवा पूर्वी यायचं आणि आता यायचं बंद होत चाललंय.

हे बोललं की पुण्या-मुंबईची मंडळी लगेच म्हणतात, "अगं पण घरच्या टोमॅटोची चव..." मान्य. चव असते. पहिल्या तोड्याचा आनंदही असतो, फोटो काढून सगळ्यांना पाठवण्याइतका असतो. मी कुणाच्या आनंदावर विरजण घालायला बसलेली नाही. पण परसबागेचं म्हणून जे काही कौतुक चाललेलं असतं, त्यात नेहमी दोनच मुद्दे ऐकू येतात. पैसे वाचतात, आणि विषमुक्त भाजी मिळते. हे दोन्ही जरा तपासून बघू या.

आधी पैशाचं. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला होता, आठवतं? तेव्हा ज्याच्या त्याच्या गच्चीवर टोमॅटोची रोपं दिसायला लागली. ती फळायला लागली तोवर भाव धाडकन खाली आलेला होता. टोमॅटोचं हे असंच असतं, आज शंभरी, उद्या रस्त्यावर ओतलेला. कुंडी, माती, शेणखत, निंबोळी अर्क, रोजचं पाणी असा सगळा हिशोब मांडला तर घरचा टोमॅटो काही स्वस्त पडत नाही. स्वस्त पडला म्हणणाऱ्यांनी हिशोबात स्वतःची कंबर धरलेली नसते :)

विषाचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेत नाही. भाजीवर काय काय मारलेलं असतं ते कधी वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं की कळतं. पण मग तोच न्याय पुढे लावा ना. टोमॅटो, ढोबळी मिरची ही इतकी नाजूक पिकं आहेत की घरी लावली तरी महिन्या-दीड महिन्यात पानं आकसतात, मावा पडतो, आणि तुम्ही कृषी केंद्रात जाऊन "काहीतरी द्या हो" म्हणता. झालं, विषमुक्ती तिथेच संपली. याउलट आंबाडीला मी आजवर एकही फवारा मारलेला नाही. शेवग्याला नाही. गोडनिंबावर (पुण्याकडे कढीपत्ता म्हणतात) उन्हाळ्यात अळ्या येतात त्या हाताने वेचते. त्या फुलपाखराच्या असतात, त्यामुळे फार राग पण धरवत नाही.

असो. तर माझा मुद्दा वेगळाच आहे.

आमच्या तालुक्यात खरिपात कुठेही निघा. चिखलीहून मेहकरकडे जा, नाहीतर देऊळगाव महीवरून देऊळगाव राजाकडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन. ऑगस्टात ते बघायला छान दिसतं, एकसारखं, हिरवी सतरंजी अंथरल्यासारखं. मला त्या एकसारखेपणाचीच धास्ती वाटते, कारण माझ्या लहानपणचं ज्वारीचं वावर असं कधीच नव्हतं. ज्वारीच्या ओळींत तुरीचे तास असायचे. मूग-उडीद असायचे. धुऱ्यावर आंबाडी, कारण तिच्या सालीचा वाख निघायचा आणि त्याचे दोर वळायचे. कोवळी होती तोवर पाल्याची भाजी, ही वर आणखी. मधेच कुठेतरी चवळीचे वेल, भेंडीची दहा-वीस झाडं, वाळकाचे वेल, आणि खळ्याच्या कडेला पसरलेलं लाल भोपळ्याचं वेल, ज्याला आमच्याकडे कोहळं म्हणतात. बाया निंदायला गेल्या की घरी येताना ओच्यात तांदुळजा, घोळ, चिवळ, पाथरी असं जे हाती लागेल ते असायचं. ते कुणी पेरलेलं नव्हतं. ते तण होतं. पण तणातलं कुठलं फेकायचं आणि कुठलं शिजवायचं हे सात-आठ वर्षांच्या पोरीलाही कळायचं.

पावसाळ्याचे चार महिने भाजी विकत आणणं ही शेतकऱ्याच्या घरी लाजेची गोष्ट होती. आणि गंमत अशी की हा सगळा कारभार बाईचा. कुठल्या तासात भेंडी टाकायची, किती टाकायची, बी कुठलं, हे मालकाला विचारायची पद्धत नव्हती. सातबाऱ्यावर ज्वारी लागायची, तूर लागायची, कपाशी लागायची. बाईच्या भाजीला तिथे रकाना नव्हता.

मग नव्वदच्या दशकात सोयाबीन आलं आणि बघता बघता सगळं वावर घेऊन बसलं. शंभर-एक दिवसांत पीक हातात, मजूर कमी, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा. लोकांनी ते का घेऊ नये? आमच्या भागातली कितीतरी पक्की घरं, कितीतरी मुलींची कॉलेजं या सोयाबीनवर झाली आहेत. त्यामुळे शेतकऱ्याला शहाणपण शिकवायची माझी इच्छा नाही. पण सोयाबीनच्या वावरात दुसरं काही राहू शकत नाही, हेही खरंच आहे. तणनाशक मारलं की चिवळ-घोळ-तांदुळजा पहिल्या आठवड्यातच जातात. भेंडीचं झाड मधे उभं असेल तर ते फवारणीच्या आड येतं, यंत्राच्या आड येतं. ज्वारीच गेली तर ज्वारीच्या आडोशाने राहणारे वेल कुठे राहणार? शेवटी असं झालंय की दहा एकर वावर असलेला माणूस आठवडी बाजारातून पिशवीत भेंडी घेऊन गावाकडे जाताना दिसतो. तोही बिचारा भाव करत असतो.

माझी एक आत्या तालुक्यातल्या एका खेड्यात असते. तिच्याकडे वांग्याचं एक बी होतं. लहान, गोल, हिरव्यावर पांढऱ्या रेघा, देठाला हात लावू नये इतके काटे. चुलीत भाजलं की साल आपोआप सुटायची, आत बिया कमी. तिच्या सासूकडून आलेलं, तिच्या सासूला कुणाकडून आलं ते ठाऊक नाही. आत्या दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायची, त्याच्या देठाला चिंधी बांधायची. चिंधी म्हणजे सगळ्या घराला इशारा, हे तोडायचं नाही. मग तिचे गुडघे गेले, ऑपरेशन झालं, तीन-चार वर्षं मुलाकडे शहरात काढली. परत आली तेव्हा फडताळात डबी होती, डबीत राख होती, राखेत बी होतं. पेरलं. एक दाणा उगवला नाही. वांग्याचं बी घरातल्या उष्णतेत इतकी वर्षं धरत नाही. (कांद्याचं तर दुसऱ्या वर्षीच जातं.)

मी हळहळले तर आत्याच मला म्हणाली, "जाऊ दे वं बाई. आता कोन खाते तसं वांगं? पोरायले पनीर लागते."

पनीरशी माझं भांडण नाही. पण ते वांगं आता पृथ्वीच्या पाठीवर कुठे असेल तर मला माहीत नाही आणि पैसे टाकून ते कुठे मिळणार नाही. टोमॅटो हुकला तर पुढच्या बाजारात मिळतो. फरक आहे तो एवढाच.

बियाण्याचं बोलायचं तर आमची जागा मोठी गमतीची आहे. चिखलीहून देऊळगाव राजामार्गे निघालं की दीड-दोन तासांत जालना. देशभर बियाण्याचं गाव म्हणून ओळखलं जातं ते जालना. महिको ही कंपनी बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथेच काढली. त्यांना पुढे १९९८ चा वर्ल्ड फूड प्राइज मिळाला, २००१ साली पद्मभूषण. आणि या सगळ्याची सुरुवात कशावरून झाली, तर भेंडीवरून! दिल्लीच्या पुसा संस्थेने 'पुसा सावनी' नावाची भेंडीची जात काढली होती. तेव्हा भेंडीची पानं पिवळी पडण्याच्या रोगाने शेतकरी जेरीस आले होते आणि ही जात त्याला दाद देत नव्हती. बारवाल्यांनी ती जालन्यात लावली, तिचं बी वाढवलं. पुसा सावनी ही सरळ वाणाची भेंडी. म्हणजे तिचं बी धरून पुन्हा पेरलं तर पुन्हा तीच भेंडी. ज्याने ते बी एकदा घेतलं त्याने ठरवलं असतं तर आयुष्यभर पुन्हा विकत घ्यायची गरज नव्हती.

संकरित बियाण्याचं तसं नसतं. दोन वेगवेगळ्या वाणांचा संकर करून जे पहिल्या पिढीचं बी निघतं, ते पहिल्या वर्षी जोरदार येतं. त्याचंच बी धरून पुढल्या वर्षी पेरलं तर एक झाड आजोबांवर, एक आजीवर, एक कुणावरच नाही, असा सगळा घोळ. त्यामुळे दरवर्षी पाकीट. आमच्या देऊळगाव राजा, सिंदखेडराजा भागात शेडनेटमध्ये बाया हातात चिमटा घेऊन मिरचीच्या, टोमॅटोच्या एकेका फुलाचे पुंकेसर काढून, दुसऱ्याचे परागकण लावून हे बी तयार करतात. फार नाजूक काम आहे आणि त्यातून घरं चालतात. पण गंमत बघा, ज्यांच्या हाताला फुलाचं एवढं कळतं, त्यांच्या स्वतःच्या घरामागे बहुतेक वेळा सिमेंटचा कोबा असतो.

संकरित बी वाईट आणि गावरान बी देवाचं, असलं भाबडं मी काही म्हणत नाही. ज्याला बाजारात माल न्यायचा आहे त्याला एकसारखा, टिकाऊ, भरपूर माल लागतो, आणि तो संकरित बियाण्यातून येतो. त्याने तेच लावावं. माझं म्हणणं फक्त परसापुरतं. परसात आपल्याला क्विंटल काढायचे नाहीत. भेंड्या थोड्या वाकड्या आल्या तर कुणी व्यापारी परत पाठवणार नाही. जिथे उत्पन्नाची घाई नाही अशी जमिनीची एकच जागा प्रत्येकाकडे उरलेली आहे आणि तिथेही आपण पाकिटातलंच लावणार असू तर मग अवघड आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं आहे. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्या आल्या, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' म्हणून आपण त्यांचे सत्कार करतो, शाली घालतो. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्यांनी सुरुवात घरच्या भाज्यांपासून केली. वाल, घेवडे, वेलभाज्या. शाळेत न गेलेल्या बाईने जे राखलं ते राखायला काही प्रयोगशाळा लागत नव्हती. अंगण लागत होतं आणि दरवर्षी न चुकता पेरायची चिकाटी लागत होती. आपण त्यांचा फोटो पुढे पाठवतो आणि कुंडीत ढोबळी मिरची लावतो.

आता "पाणी कुठंय?" हा प्रश्न. चिखलीत राहून तो मला कुणी विचारायची गरज नाही, नळ आमच्याकडेही रोज येत नाही. पण याचं उत्तरही त्या जुन्या भाज्यांमध्येच आहे. वावरातून गेलेल्या या सगळ्या भाज्या मुळात कोरडवाहू. मृगात बी टाकलं की आंबाडी, चवळी, दोडका, कोहळं पावसावर येतात. मधे वीस दिवस ताण पडला तर संध्याकाळी बादलीभर पाणी पुरतं. वाल तर पावसाळाभर नुसता पसरतो आणि पाऊस संपल्यावर, थंडीत, फुलतो. आमच्या काळ्या जमिनीत ओल इतकी धरून राहते की डिसेंबरपर्यंत त्याला फार काही द्यावं लागत नाही. मार्चनंतर मी परसाला सुट्टी देते. फक्त न्हाणीच्या पाण्यावर अळू, आणि गोडनिंब, शेवगा, गवती चहाचं एक ठोंब. बेचाळीस डिग्रीत टोमॅटो जगवणं ही हौस असू शकते, पण शेजारी टँकरची वाट बघत असताना मला ती हौस परवडत नाही. मनाला परवडत नाही, या अर्थाने.

पाण्यापेक्षा खरी अडचण आहे ती कष्टांची, आणि ती कुणी बोलत नाही. परसबाग म्हटली की ती आपोआप घरातल्या बाईच्या गळ्यात पडते. 'उमेद' अभियानाने २०२१ साली बचत गटांच्या बायकांसाठी 'माझी पोषण परसबाग' अशी मोहीम राबवली होती. चांगली कल्पना होती, पोटात पालेभाजी जायलाच हवी. पण सकाळी स्वयंपाक, दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदण, संध्याकाळी पुन्हा चूल, आणि त्यात आता पोषणही तिनेच पिकवायचं, हे ऐकलं की मला जरा टोचतं. पूर्वी भाजीचे तास बाईचे होते, पण त्या वावराला नांगर आणि वखर तर घरच्यांचा होता. निदान खड्डे खणणं, कुंपण करणं, खत टाकणं एवढं घरातल्या पुरुषांनी करावं. आमच्याकडे हे "ह्यांच्या" गळी उतरवायला बरीच वर्षं लागली. आता वेलाचा मांडव तेच बांधतात आणि पाहुण्यांना दाखवताना "मी केला" म्हणतात. म्हणू देत.

बी धरायचं तंत्र फार अवघड नाही. वाल, चवळी यांचं फूल आपल्या आपण फळतं, त्यामुळे शेजारी दुसरी जात असली तरी सहसा भेसळ होत नाही. चांगल्या वेलाच्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्यायच्या, बस. भेंडी, वांगं, मिरची यांत थोडी भेसळ होऊ शकते, म्हणून एका वेळी एकच जात लावलेली बरी. वेलभाज्यांचं मात्र सांभाळावं लागतं. नराचं फूल वेगळं, मादीचं वेगळं, आणि मधमाशी चार घरं फिरून आलेली. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात. पाच-साडेपाचला, उद्या उमलणार नसून आजच उमलणार अशी टपोरी कळी ओळखून दोन्हींना दोरा बांधून ठेवायचा, तिन्हीसांजेला नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला टेकवायचं आणि पुन्हा बांधून टाकायचं. लहान मुलांना हे काम फार आवडतं. माझ्या भाच्याने एका सुट्टीत सगळ्या दोडक्यांची लग्नं लावून टाकली होती.

आणि खायचं? नुसतं बी राखून त्याचं संग्रहालय करायचं नाही. जे शिजत नाही ते कुणी पेरत नाही. म्हणून आंबाडीची भाजी सांगते, आमच्याकडे करतात तशी. कोवळा पाला खुडून, धुऊन, थोड्या पाण्यात शिजवायचा. फार आंबट वाटला तर ते पाणी ओतून टाकावं. तुरीची डाळ आणि मूठभर ज्वारीच्या कण्या वेगळ्या शिजवून त्यात हा पाला घोटायचा, मीठ, हळद, हिरव्या मिरचीचा ठेचा, भिजवलेले शेंगदाणे. रटरट शिजू द्यायची, पळीवाढी नको, घट्टसर हवी. मग खरी गंमत म्हणजे वरची फोडणी. वाटीभर तेलात भरपूर ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, लाल मिरच्या, आणि ती चुरचुरीत फोडणी पातेल्यात न घालता प्रत्येकाच्या ताटात भाजीवर वाढायची. सोबत ज्वारीची भाकर आणि कांदा. कण्या न घालता नुसत्या डाळीत करणारेही आहेत, पण मग ती वरणाची बहीण होते. ज्वारीच्या कण्यांनीच तिला अंग येतं. आता कण्यांसाठी ज्वारी विकत आणावी लागते, तो भाग वेगळा.

वाल तर सगळ्यांना माहीत आहे. पण सोललेले ओले दाणे, त्यात वांग्याच्या दोन फोडी, दाण्याचं कूट आणि शेवटी मूठभर सांभार (म्हणजे कोथिंबीर हो, सांबार नव्हे!) एवढंच घालून करून बघा. मसाले नकोत. बाजारातले वाल तोडून दोन दिवस झालेले असतात, त्यांना मसाला लागतो.

या वर्षीचं माझं बी झालंय. वालाचं, त्या जांभळी कड असलेल्या शेंगेचं, दोन वाट्या आहे. आंबाडी भरपूर. चवळी आहे. दोडका थोडा, पण दहा-बारा बिया प्रत्येकाला येतील. आत्याचं वांगं नाही, पण तिच्या जावेकडे तशाच रेघांचं एक आहे म्हणतात, दिवाळीला गेले की चिंधी बांधून येणार आहे. ज्यांना हवं त्यांनी कळवा, कागदाच्या पुडीत घालून पाठवते. पुण्याची मंडळी मे महिन्यात येतीलच, त्यांनी हातोहात न्यावं. पैसे नकोत. पेरलेल्यातलं थोडं बी धरायचं आणि पुढल्या वर्षी एक पुडी मला परत द्यायची, एक दुसऱ्या कुणाला. कुंडीत लावणाऱ्यांनी वाल घेऊ नये, त्याला मांडव लागतो. त्यांच्यासाठी आंबाडी ठीक. आणि पाला कोवळा आहे तोवर खुडा, नाहीतर बोंडं धरते आणि मग फोन करून विचारता, हिचं आता काय करू.